औषध कशात आहे, हे लिहिणाऱ्या वहिनी

वहिनी गेल्या त्या सकाळी मी दुकानात शिडीवर चढलो होतो. आमचं पवनीत भांड्यांचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा हवा होता, तो काढत असताना मंदा, माझी बायको, रस्ता ओलांडून येताना दिसली. हातात फोन असूनही ती स्वतः चालत आली, तेव्हाच मी डबा परत फळीवर ठेवला. "खाली उतरा आधी," ती म्हणाली. मी उतरलो. "बाई गेल्या. भंडाऱ्याले नेऊन राहिले होते. अड्याळच्या पुढं गाडीतच..." गिऱ्हाईक बिचारं डबा न घेताच निघून गेलं. माझ्या मनात त्या क्षणी पहिला विचार कोणता आला, ते लिहायला लाज वाटते, पण वहिनींवर लिहायचं आणि त्यात खोटं लिहायचं, हे मला जमणार नाही. वहिनींच्या मुलीचा, केतकीचा विचार नाही आला, की त्यांच्या इतक्या पेशंटांचा नाही आला. विचार आला तो असा, की आता मी सुटतो की काय... पुन्हा पिऊ लागतो की काय.

मी दारुडा आहे. होतो असं म्हणत नाही, कारण वहिनी तसं म्हणू देत नसत. "होतो म्हटलं की माणूस ढिला पडते, भाऊजी," असं त्यांचं म्हणणं. गेली चौदा वर्षं मी थेंबाला शिवलेलो नाही आणि त्यातली निम्मी पुण्याई मंदाची आहे, निम्मी वहिनींची. माझ्या वाट्याला फार काही उरत नाही, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

वहिनी म्हणजे डॉक्टर नलिनी, माझ्या चुलतभावाची बायको. माहेर आंधळगावचं. नागपूरला आयुर्वेद शिकून, लग्न करून पवनीत आल्या आणि वर्षभरात घराच्या समोरच्या खोलीत त्यांनी दवाखाना मांडला. आमच्या घरात बायकांनी दवाखाना काढायची पद्धत नव्हती, पण पद्धत नव्हती हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नाही आणि सांगितलं तेव्हा बाहेर बाकावर सात पेशंट बसलेले होते. दादाचा स्वभाव थंड, त्याने बाक अजून एक आणून दिला. दादा लवकर गेला, त्यानंतर तर वहिनी आणि दवाखाना वेगळे काढताच येईनात. त्यांची खासियत म्हणजे औषधं त्या स्वतः बनवत. गोळ्या-चूर्णं इतर वैद्यही करतात, पण वहिनींचा जीव होता पातळ औषधांवर. "गोळी पोटात जाऊन विरघळते, पातळ औषध विरघळूनच येते. आजाऱ्याच्या पोटाले तेवढं काम कमी," हे त्या प्रत्येकाला समजावून सांगत, ऐकणाऱ्याला गरज असो वा नसो.

मागच्या अंगणातल्या खोलीत त्यांच्या बरण्या असत. काढा उकळून गार करायचा, त्यात गूळ आणि धायटीची फुलं घालायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपायची आणि बरणी तणसात, धानाच्या पेंढ्यात, पुरून ठेवायची, म्हणजे आत एकसारखी ऊब राहते. महिनाभरात काढ्याचं आसव होतं. धायटीची फुलं पलीकडच्या गावांतल्या बाया जंगलातून वेचून आणत, आणि वहिनी ती मुठीत घेऊन वास घेत, तोंडात टाकत, तेव्हाच घेत. आसव झालं की नाही हे पाहायला त्या बरणीला कान लावून बसायच्या. आत बारीक फसफस ऐकू येत असेल तर अजून वेळ आहे. आवाज थांबला की झाकण किलकिलं करून पेटती काडी आत धरायच्या. विझली तर पुन्हा लिंपायचं, जळत राहिली तर आसव तयार. बरण्या त्या माझ्याकडूनच घेत आणि मला त्याचा फार वैताग यायचा. प्रत्येक बरणीला बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकणार, मग पाणी भरून माझ्या काउंटरवर अर्धा दिवस ठेवणार, झिरपते का ते पाहायला. मी एकदा म्हटलं, "वहिनी, नवरा पाहताना एवढी तपासणी केली नसेल तुम्ही." त्या म्हणाल्या, "केली असती तं तुमच्या घरात आली असती का मी?" दादा बाजूलाच होता, तोही हसला.

आता माझं सांगतो. मी आधी मोहाची प्यायचो, मग धंदा बरा चालू लागला तशी बाटलीची. भांड्यांच्या दुकानात बाटली लपवायला जागांना तोटा नसतो, एवढं सांगितलं की पुरे. मंदा दोनदा माहेरी, कारध्याला, निघून गेली आणि दुसऱ्यांदा गेली तेव्हा परत यायला तयार नव्हती. मग मी कानाला खडा लावला. नागपूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. घरी आलो तेव्हा अंगात काही त्राण उरलं नव्हतं... हात थरथरत, जेवण समोर आलं की मळमळ, झोप तर नावालाही नाही. मंदा कारध्याहून परत आली होती, पण तिची पेटी तिनं पुरती उघडली नव्हती. अशा माणसाला कोणत्याही वैद्यानं जे दिलं असतं, तेच वहिनींनी दिलं. द्राक्षासव. त्यांच्या हातची सगळ्यात नावाजलेली चीज. दोन चमचे औषध, दोन चमचे पाणी, दोन्ही वेळा जेवल्यावर.

हे वाचताना शहरातल्या माणसाला वाटेल, एवढी शिकलेली बाई, तिला आसवात मद्य असतं एवढं कळू नये? पण आमच्याकडे हा विचारच कोणाच्या डोक्यात येत नसे. आसव हे औषध, दारू ही दारू. ज्या बायांनी काठ्या घेऊन गावातले गुत्ते बंद पाडले, त्या बायांनीही बाळंतपणात चाळीस-चाळीस दिवस अरिष्ट, म्हणजे आसवाचंच भावंड, घेतलेलं, आणि कोणाला त्यात गैर वाटलं नाही. गैर नव्हतंच. तेवढ्याशा चमच्यानं धडधाकट माणसाला काही होत नाही. पण मी धडधाकट नव्हतो. पहिल्या दिवशी ते औषध जिभेवर आलं आणि घशातून खाली उतरताना जी ऊब लागली ना, ती माझ्या अंगानं ओळखली. माझ्या डोक्याला पत्ता नव्हता, अंगाला होता. आठ दिवसांत मी जेवणाची वाट पाहू लागलो. मंदा खूश, म्हणे भूक परतली. भूक कुठली... मी चमच्याची वाट पाहत होतो. दोनाचे चार चमचे झाले, मग पाणी घालायचं मी विसरू लागलो. बाटली सांडली असं सांगून दुसरी आणली, दुकानातल्या नोकरासाठी हवी म्हणून तिसरी. आणि एका संध्याकाळी तिसरी बाटली दुकानातच तोंडाला लावून संपवली, शटर ओढलं आणि सरळ गुत्त्यावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी मंदानं त्या रिकाम्या बाटल्या शोधून काढल्या. ती आरडाओरड करणारी नाही. तिनं तिन्ही बाटल्या पदराखाली घेतल्या, भर सकाळच्या गर्दीत दवाखान्यात गेली आणि वहिनींच्या टेबलावर एकेक करून मांडल्या. तेव्हा तिथं असलेल्या दोघा-तिघांनी मला नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत. मंदा म्हणाली, "बाई, ह्या तुमच्याच औषधाच्या बाटल्या. ह्याच्यावर चढूनच ते काल गुत्त्यावर पोचले." वहिनींना सांगता आलं असतं की मी ठरवून दिल्यापेक्षा जास्त प्यायलो, त्यांच्याशी खोटं बोललो. ते खरंही होतं. वहिनींनी एक बाटली उचलली, तिचा वास घेतला, पुन्हा ठेवली आणि म्हणाल्या, "चूक माही आहे, मंदा." एवढंच. मग पेशंटांना थोडं थांबायला सांगून त्या आमच्या घरी आल्या. मी तोंड भिंतीकडे करून पडलो होतो. त्यांनी खुर्ची ओढली नाही, खाली जमिनीवरच बसल्या. "भाऊजी, मी तुमाले दारू पाजली. चमच्यानं पाजली, पण पाजली. आता तुमी पुन्हा सोडा. मी तुमाले भूक लागायचं, झोप यायचं औषध देईन, आन त्यात दारूचा थेंब नसन. मले थोडा वेळ द्या."

मी पुन्हा केंद्रात गेलो. परत आलो तेव्हा वहिनींचं औषध तयार नव्हतं. ते पुढची दीड-दोन वर्षं तयार होत होतं.

आता थोडं औषधाबद्दल लिहायला हवं, नाहीतर वहिनींनी काय केलं ते कळणार नाही. मी भांडेवाला माणूस, पण ऐकून ऐकून मला एवढं समजलं आहे. झाडपाल्यातलं औषध बाहेर काढायला काहीतरी लागतं ज्यात ते उतरेल. पाण्यात काही गोष्टी उतरतात, काही उतरत नाहीत. त्या मद्यात उतरतात. शिवाय पाण्यातला काढा आमच्या उन्हाळ्यात सकाळी केला तर संध्याकाळी वास मारतो. मद्य असलं की तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे आसवातलं मद्य दोन कामं करतं, औषध ओढून काढतं आणि राखणही करतं. ते काढून टाकायचं म्हटलं की दोन्ही कामांसाठी दुसरा गडी शोधायचा. वहिनींनी आधी साखर घेतली. साखरेचा दाट पाक असला की त्यात काही कुजत नाही, हे तर मुरंबा घालणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पण खूप दाट केला तर बाटलीच्या तोंडाशी खडे जमतात, झाकण उघडत नाही, म्हणून त्यांनी साखर जरा कमी केली. ती बाटली आमच्या घरी आली. मे महिना. दुपारी आम्ही जेवत असताना फळीवर फट्ट असा आवाज झाला आणि झाकण उडून डाळीच्या डब्यावर पडलं. मंदा उठली, बाटली नाकाशी धरली आणि तिचा चेहराच बदलला. साखर कमी, पाणी जास्त आणि पवनीचा उन्हाळा... त्या काढ्यानं आपल्या आपण आसव व्हायला सुरुवात केली होती. मंदानं ताबडतोब बाटली मोरीत उलटी केली, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि वहिनींना फोन लावला. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "बरं झालं तुझं नाक आहे. आता पुढून बाटली आधी तूच उघडत जाजो, भाऊजी नाही."

त्या दिवसापासून मंदा वहिनींची परीक्षक झाली. सातवी शिकलेली माझी बायको, पण वहिनी तिला विचारल्याशिवाय एक बाटली बाहेर काढेनात. मला ह्याचा राग यायचा, लपवत नाही. आपल्या तोंडात जायच्या औषधाला आपली बायको आधी हुंगून पाहते, हे कोणत्या नवऱ्याला आवडेल? मी एकदा चिडून म्हटलं, मी काय लहान पोर आहे का. वहिनी म्हणाल्या, "पोराले तं झाकण उघडू देते मी."

साखरेचं प्रमाण बसलं, पण पाण्यात जे उतरतच नाही त्याचं काय, हा प्रश्न उरला. त्यासाठी वहिनींनी ग्लिसरीन वापरून पाहायचं ठरवलं. नागपूरहून एक विक्रेता आला, पाच लिटरचा कॅन घेऊन. कॅनवर नुसतं ग्लिसरीन एवढंच लिहिलेलं. वहिनींनी तपासणीचा कागद मागितला. तो म्हणाला, "मॅडम, सगळे हेच नेतात, आजपर्यंत कोणी कागद मागितला नाही." तेव्हा मी तिथं बरणी पोचवायला गेलो होतो. वहिनींचा आवाज कधी चढत नसे, तो त्या दिवशी चढला. ग्लिसरीनसारखंच दिसणारं, तसंच गोड लागणारं कारखान्यातलं विषारी द्रव असतं, स्वस्तात मिळतं, आणि ते औषधात गेलं की लहान मुलांची मूत्रपिंडं जातात, हे त्यांनी त्याला असं सुनावलं की तो कॅन उचलून बसस्टँड गाठेपर्यंत थांबला नसेल. मग स्वतः नागपूरला जाऊन, कागदासकट, तिपटीनं महाग माल त्या घेऊन आल्या. मी म्हटलं, एवढं कशाला, आपण काय कंपनी आहोत? त्या म्हणाल्या, "आपण कंपनी नाही म्हणूनच. कंपनीवर कोणी ना कोणी नजर ठेवते. माझ्यावर कोण ठेवते? मीच."

दीड वर्षानं एक औषध जमलं. भूक लागायची, झोप यायची, आणि त्यात मद्य नव्हतं. फक्त ते चवीला इतकं भयंकर होतं की माझ्या तोंडून शिवी निघाली. म्हणून वहिनींनी बाजारातून वेलदोड्याचा अर्क आणला, दहा थेंब टाकले आणि बाटली आमच्याकडे पाठवली. मंदानं नेहमीप्रमाणे उघडली, हुंगली, काही कळलं नाही. वेलदोडाच वेलदोडा. पण तिला चैन पडेना. ती थेट दवाखान्यात गेली, अर्काची ती इवलीशी बाटली मागितली आणि चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, एकेक अक्षर जुळवत मागचं लेबल वाचलं. तो अर्क मद्यातच काढलेला होता. दहा थेंबांत असं किती असणार, पण मंदानं बोट ठेवून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "मंदा, मी डॉक्टर असून मले सुचलं नाही. वासाच्या मागच्या दारानं ते आतमंदी येऊन राहिलं होतं." आख्खी बरणी त्यांनी खड्ड्यात ओतली. मग घरचे वेलदोडे कुटून पाकातच उकळले. वास थोडा कमी आला, शिवी थोडी जास्त आली, पण ते औषध मी प्यायलो आणि मला भूक लागली. खरी भूक. मंदानं त्या आठवड्यात पेटी पुरती उघडून तिच्या साड्या कपाटात लावल्या. मी पाहत होतो.

दुसरी एखादी बाई इथं थांबली असती. वहिनींनी इथून सुरुवात केली. त्यांच्या मनात एकच घोळत होतं, आपल्या घरातला म्हणून भाऊजींचं कळलं. ज्यांचं कळलं नाही त्यांचं काय? म्हणून त्यांनी आपल्या प्रत्येक बाटलीवर औषधाच्या नावाखाली दुसरी ओळ लिहायला सुरुवात केली, औषध कशात आहे ती. पाण्यात. साखरेच्या पाकात. मधात. ग्लिसरिनात. आणि आसव असेल तर लाल शाईनं, ह्यात मद्य आहे. शिवाय प्रत्येक पेशंटला विचारू लागल्या, घरात कोणी दारू सोडली आहे का? सुरुवातीला लोक बिथरले. आमच्या घरात कोणी पीतच नाही तर सोडणार कोण, म्हणून एका सावकारी थाटाच्या व्यापाऱ्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. वहिनींनी उपाय काढला, की विचारायचं ते सगळ्यांनाच. तान्ह्या लेकराला घेऊन आलेल्या आईला, म्हाताऱ्या आजीला, सरपंचाला, मलाही. सगळ्यांनाच विचारलं की कोणालाच टोचत नाही. काही म्हातारे गिऱ्हाईक मात्र तुटले, त्यांना आसवाऐवजी पाकातलं औषध मिळू लागलं तेव्हा. एक तर रागावून म्हणाला, ह्यानं अंगात काही गरमीच येत नाही. तो गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "त्याले औषध नाही पायजे, मोहाची पायजे."

आसव बनवणं त्यांनी कधी सोडलं नाही, हेही सांगायला हवं. ज्याला ते मानवतं त्याला ते द्यायचं, ह्यात त्यांना शंका नव्हती. पण एकदा भंडाऱ्याला वैद्यमंडळींची सभा होती, तिथं त्यांनी ही लाल शाईची गोष्ट मांडली. एक ज्येष्ठ वैद्य उठून म्हणाले, आसवाला मद्य म्हणणं हा शास्त्राचा अपमान आहे. वहिनी म्हणाल्या, "शास्त्राचा अपमान होत असेल तर मी माफी मागते. पण माझ्या दिराला मी माझ्या हातानं पुन्हा प्यायला लावलं, त्याची माफी कोणाकडे मागू?" सभेत माझं नाव नाही घेतलं, पण पवनीच्या डॉक्टरीण बाईंना दीर किती? दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे पाहून हळूच हसतोय असं मला वाटू लागलं. मी वहिनींशी पंधरा दिवस बोललो नाही. सोळाव्या दिवशी पहेला गावावरून आलेला एक अनोळखी माणूस दुकानात शिरला. भांडं काही घ्यायचं नव्हतं. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "तो दीर तुमीच का? मले बी सोडाची आहे." आम्ही दोघं मागच्या गोदामात दोन तास बोलत बसलो. त्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींकडे जाऊन चहा मागितला. त्यांनी साखर जास्त घालून दिला.

शेवटचं वर्षभर त्यांना दम्यानं बेजार केलं होतं, हृदयही थकलं होतं. तरी दवाखाना चालू. मी शेवटचा भेटलो तो जाण्याच्या चार दिवस आधी, संध्याकाळी. पलंगावर उशीला टेकून बाटल्यांची लेबलं लिहीत होत्या. अक्षर वाकडं येत होतं म्हणून चिडत होत्या. मी म्हटलं, केतकीला लिहू द्या. तर म्हणाल्या, "ती नागपूरवरून येईपर्यंत पेशंट काय कोऱ्या बाटल्या नेतीन?" मग थांबून, दम खाऊन म्हणाल्या, "भाऊजी, वास आला, मन झालं, तं कोणाले तरी सांगजा. सांगितलं की अर्धं उतरते. तुमी तेव्हा सांगितलं नाही, बाटल्या लपवल्या, म्हणून बुडाले." मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा लेबल हातात घेतलं.

तेरावं झालं आणि पुढच्या आठवड्यात केतकीचा फोन आला. ती स्वतः वैद्य आहे, दर शनिवार-रविवारी येऊन आईचा दवाखाना चालवणार आहे. म्हणाली, "काका, मागच्या खोलीत आसवाच्या आठ बरण्या आहेत. उघडून काय ठेवायचं काय टाकायचं ते पाहावं लागेल. तुम्ही याल का मदतीला? बरण्या उचलायच्या कशा ते तुम्हालाच माहीत." माझ्या तोंडून लगेच निघालं, "मी त्या खोलीत येणार नाही, बेटा." ती म्हणाली, "काका, आता तर इतकी वर्षं झाली ना?" मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली आहेत, ती मला ठेवायची आहेत. मंदा येईल." मंदा समोर बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि लगेच चपला शोधू लागली.

मी बरोबर गेलो, पण खोलीबाहेर अंगणातल्या बाकावर बसलो. आत तणस बाजूला सारल्याचा खसखस आवाज, माती फोडल्याचा, मग केतकीचा आवाज, "काकू, ही झालीय का हो?" आणि मंदाचा, "थांब, कान लावू दे." मला हसू आलं. ज्या बाईनं भर दवाखान्यात तीन बाटल्या मांडल्या, ती आज आसवाच्या बरणीला कान लावून बसली होती. केतकी म्हणत होती, ओतून देऊ का सगळं, कटकटच नको. मंदा म्हणाली, "नाही. बाईचा शेवटचा हात आहे ह्याले. बाळंतिणीले लागते हे. आमच्या घरी चालत नाही म्हणून कोणाच्याच घरी चालू नये का?" पेटती काडी आत धरली असावी, कारण केतकी म्हणाली, "जळतेय!" आणि तेवढ्यात तो वास बाहेर आला. द्राक्षं, गूळ, धायटी... आणि त्याखालचं ते. चौदा वर्षांनी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू, चांगलं भरून सुटलं. पाय खोलीच्या दाराकडे वळू पाहत होते. मला वाटलं होतं, वहिनी गेल्यावर ही वेळ आली तर मी मरेन किंवा आत जाईन. तसं काही झालं नाही. मी उठलो आणि मोठ्यानं, बाहेर रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं ओरडलो, "मंदा, मले वास आला आहे. मन होऊन राहिलं. मी इथून जातो."

ती दारात आली. हातांना माती, केसांत तणसाची काडी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा. मी आलीच." आणि मागं वळून तिनं ते दार घट्ट लावून घेतलं. मी भर दुपारच्या उन्हात दुकानाकडे चालत निघालो, आणि वहिनी गेल्या त्या दिवसापासून जे रडू आलं नव्हतं ते त्या रस्त्यावर आलं, चार लोकांदेखत. मी पुसलं नाही आणि थांबलोही नाही.